छपरावर बर्फ, बर्फावर वारा

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौक आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले, लोक त्या इमारतीला सिमला ऑफिस म्हणू लागले आणि तेच नाव पुढे चौकालाही चिकटले. आयएस ८७५ च्या चौथ्या भागात, म्हणजे बर्फाच्या भारावरच्या संहितेत, १९८७ च्या आवृत्तीत एक सूचना आहे: एखाद्या जागेची माहिती हाताशी नसेल, तर मनालीच्या हिमस्खलन अभ्यास संस्थेकडे किंवा पुण्याच्या हवामान खात्याकडे विचारणा करावी. सिमला जिल्ह्यातल्या सफरचंदांच्या शीतगृहाचे छप्पर पुण्यात बसून काढणाऱ्या अभियंत्यासाठी हा पत्ता रिक्षाच्या अंतरावर आहे. तरीही तपासणीला येणाऱ्या आराखड्यांत मला बर्फाचा आकडा बहुतेक वेळा 'मागच्या कामात धरला होता तोच' दिसतो.

महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत हिमाचल, उत्तराखंड, काश्मीर इथल्या शेडची कामे येतात. अमेरिका आणि युरोपातल्या इमारतींची गणितेही इथे होतात. आपण वाढलो ते पावसात. वारा आपल्या ओळखीचा आहे, बर्फ नाही. त्यामुळे बर्फाकडे आपण लाइव्ह लोडचा थोडा मोठा भाऊ म्हणून पाहतो, तो एका ओळीत टाकतो आणि पुढचे काम सॉफ्टवेअरवर सोपवतो. बर्फ आणि वारा एकत्र कसे धरायचे, हे अशा कामांवर बसलेल्या तरुण अभियंत्यांना सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे. शेड बांधून घेणाऱ्या मालकांनीही शेवटचा भाग जरूर वाचावा.

बेरीज करण्याआधी

कॉम्बिनेशन म्हटले की हात बेरजेकडे जातो. पण या दोन भारांचा स्वभाव आधी पाहायला हवा. भारतीय संहितेतला वाऱ्याचा मूलभूत वेग हा ३ सेकंदांच्या झोताचा आहे, तोही ५० वर्षांतून एखाद्या वेळी येणाऱ्या झोताचा. बर्फ मात्र छपरावर आठवडेच्या आठवडे बसून राहतो. हिवाळ्यातला सर्वांत जड बर्फ आणि ५० वर्षांतला सर्वांत मोठा झोत नेमके एकाच क्षणी भेटतील, याची शक्यता फार कमी. पण जानेवारी-फेब्रुवारीत सुटणाऱ्या बहुतेक प्रत्येक वाऱ्याला छपरावर थोडाफार बर्फ सापडणारच.

दोन्ही भार पूर्ण न धरता एक पूर्ण आणि दुसरा कमी धरण्याची रीत यातूनच आली. १९७० च्या सुमारास संशोधक टर्कस्ट्रा यांनी हा विचार नियमाच्या रूपात मांडला: एका भाराला त्याच्या आयुष्यातल्या कमाल पातळीवर धरा आणि बाकीच्यांना एरवीच्या कोणत्याही दिवशी असतील तितके धरा, मग ही भूमिका प्रत्येक भाराला आळीपाळीने द्या. १९८० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या अहवालात एलिंगवूड, गॅलाम्बोस, मॅकग्रेगर आणि कॉर्नेल यांनी याच विचारावर गुणक बसवून दिले. आज जगभरच्या बहुतेक संहितांतल्या तक्त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे.

तक्ता मात्र इतकेच सांगतो की किती टक्के धरायचे. बर्फ कुठे असेल, हे तो सांगत नाही. माझ्या मते खरे काम इथूनच सुरू होते, कारण छपरावरचा बर्फ कुठे साचायचा हे वाराच ठरवतो. वाऱ्याच्या तोंडाच्या पाख्यावरून तो बर्फ उचलतो आणि आढ्यापलीकडे, आडोशाच्या पाख्यावर नेऊन टाकतो. उंच भिंतीच्या पायथ्याशी, दोन छपरांमधल्या पन्हाळीत, पॅरापेटच्या मागे तो ढीग लावतो. काम संपवून वारा पडतो, ढीग मात्र तसाच राहतो. म्हणजे वाऱ्याचा सर्वांत मोठा परिणाम वाऱ्याच्या ओळीत दिसतच नाही, तो बर्फाच्या ओळीत दडलेला असतो. म्हणून आधी बर्फाची वेगवेगळी चित्रे काढावीत आणि मग त्यांतल्या प्रत्येकावर वारा सोडावा. 'स्नो' नावाची एकच लोड केस ज्या फाइलमध्ये असते, ती मी पुढे न वाचता परत करतो.

एक शेड, हिशेबासह

समजा, सिमला जिल्ह्यात एका डोंगरमाथ्यावर शीतगृहाची शेड आहे. रुंदी २० मीटर, चौकटी ६ मीटरवर, वळचणीची उंची ६ मीटर, पाख्याचा उतार २० अंश. जमिनीवरच्या बर्फाचा भार ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरू. हा आकडा फक्त उदाहरणासाठी आहे, तो उचलून कामात वापरू नका. पुढचे सगळे भार याच एककात आहेत. १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो वजन. पत्रा, पर्लिन आणि चौकट मिळून मृतभार ०.२५.

१९८७ च्या आवृत्तीप्रमाणे ३० अंशांपर्यंतच्या साध्या पाख्याला ०.८ हा आकारगुणक लागतो. म्हणजे सरसकट पसरलेला बर्फ २.४. उतार १५ अंशांच्या पुढे गेला की आडोशाच्या पाख्याचा गुणक वाढू लागतो आणि ३० अंशांना १.२ पर्यंत पोचतो. आपल्या २० अंशांना तो ०.९३ येतो, म्हणजे २.८. नवी आवृत्ती आलेली आहे. प्रत्यक्ष कामात जी लागू असेल तीच उघडून आकडे घ्या. पद्धत समजून घ्यायला हे पुरेसे आहे.

तुलनेसाठी, याच उताराला बिनबर्फाच्या प्रदेशात पर्लिनसाठी छपराचा लादलेला भार ०.५५ येतो: ०.७५ मधून १० अंशांपुढच्या प्रत्येक अंशाला ०.०२ वजा. बर्फ त्याच्या चौपटीहून जास्त आहे. हे दोन्ही एकमेकांत मिळवायचे नाहीत. आयएस ८७५ च्या पाचव्या भागात स्पष्ट म्हटले आहे की बर्फ असेल तिथे कॉम्बिनेशनमधल्या लादलेल्या भाराच्या जागी बर्फाचा भार घ्यावा. आणि दुसऱ्या भागाप्रमाणे दोहोंपैकी जो जास्त घातक तो धरायचा असतो.

आता वारा. २०१५ च्या तिसऱ्या भागाच्या परिशिष्टात सिमल्याचा मूलभूत वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे. श्रीनगरचा ३९ आणि पुण्याचाही ३९. हा सारखेपणा पाहून अनेक जण निश्चिंत होतात आणि पुण्याच्या फाइलमधला वारा तसाच डोंगरावर नेतात. विसरला जातो तो भूरचनेचा गुणक. जमिनीचा उतार ३ अंशांहून जास्त असेल, तर माथ्याजवळ हा गुणक १ पासून १.३६ पर्यंत जाऊ शकतो, आणि तो वेगाला लागतो, तर दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. सपाटीवर ३९ मीटरचा दाब ०.९१ येतो. माथ्यावर हा गुणक १.२ धरला की वेग ४६.८ होतो आणि दाब १.३१. १.३६ धरला तर दाब सपाटीच्या १.८५ पट होतो. जागेचा कंटूर नकाशा न मागता डोंगरावरची शेड काढणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. पुढच्या हिशेबात १.३१ धरतो, संहितेने दिलेल्या बाकीच्या कपाती सोपेपणासाठी बाजूला ठेवल्या आहेत.

उंचावर हवा विरळ असते, मग दाबाच्या सूत्रातला ०.६ कमी करावा का, असा प्रश्न लडाखच्या कामांत हमखास येतो. भौतिकशास्त्र ते म्हणते, हे खरे. पण डोंगरी दऱ्यांतल्या वाऱ्याबद्दल आपल्याकडची नोंद इतकी तुटपुंजी आहे की ही सूट मी घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नये.

छप्पर उचलताना बर्फाला मदतीला बोलावू नका

वारा आढ्याला समांतर वाहत असेल, तर २० अंशांच्या पाख्याच्या पुढच्या भागावर बाहेरची ओढ ०.७ येते. आतला दाब ०.२ धरला, तर एकूण ०.९ गुणिले १.३१, म्हणजे १.१८ वर. आयएस ८०० च्या, म्हणजे पोलादी बांधकामाच्या संहितेच्या, तक्त्यात मृतभार स्थैर्याला मदत करत असेल तेव्हा त्याला ०.९ आणि वाऱ्याला १.५ लावायचे असतात. १.७७ मधून ०.२३ गेले, उरले १.५४ वर. एका चौकटीच्या वाट्याला १२० चौरस मीटर येतात. म्हणजे सुमारे १८५ किलोन्यूटन, एका खांबाच्या अँकर बोल्टवर ९३. नऊ टनांहून जास्त ओढ.

हीच शेड कोणी सरधोपटपणे 'मृतभार अधिक बर्फ अधिक वारा' एवढीच चालवली, तर २.४ चा बर्फ ही उचल पूर्ण गिळून टाकतो आणि कागदावर बोल्टला ओढच दिसत नाही. ऑक्टोबरात, छपरावर बर्फाचा कण नसताना वादळ आले तर? उचलीच्या प्रत्येक तपासणीत बर्फ शून्य असायला हवा. पर्लिनची खालची फ्लँज दाबात जाते ती याच प्रसंगात, आणि पत्र्याच्या स्क्रूंची परीक्षाही इथेच होते. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पट्ट्यांत ओढ जास्त असते, तिथे स्क्रूंचे अंतर वेगळे द्या.

शीतगृहाला मोठे सरकते दरवाजे असतात. भिंतीतली उघडी जागा ५ ते २० टक्क्यांत गेली की आतल्या दाबाचा गुणक ०.२ चा ०.५ होतो. तेवढ्या एका बदलाने वरच्या ९३ चे १२८ होतात. 'वादळात दरवाजा बंदच असेल' असे मालक म्हणतो. ट्रक आत अर्धा उभा असताना तो कसा बंद होणार, हे त्याला विचारा.

याच्या उलट चूकही दिसते. खाली दाबणारा बर्फ आणि वर ओढणारा वारा एकत्र चालवून पर्लिनचा भार कमी झाला, म्हणून ती पर्लिन पातळ केली जाते. वारा कायम वर ओढत राहील, याची हमी कोण देणार? बर्फ मुक्कामाला आहे, झोत तीन सेकंदांचा पाहुणा आहे. छपराच्या पत्र्याला आणि पर्लिनला बर्फाचा पूर्ण भार वाऱ्याच्या मदतीशिवाय पेलता आला पाहिजे: सरसकट बर्फ आणि मृतभार मिळून १.५ गुणिले २.६५, म्हणजे जवळपास ४. उतार ३० अंशांच्या पुढे गेला की वाऱ्याच्या तोंडाच्या पाख्यावर वारा खाली दाबू लागतो. ४५ अंशांना बाहेरचा गुणक ०.३ खाली आहे. काश्मिरी पद्धतीच्या उभ्या टिनच्या छपरात म्हणूनच बर्फ आणि वारा खरोखर एकत्र मिळवावे लागतात. बर्फ मात्र अशा उतारावर कमी टिकतो. ६० अंशांना संहिता तो शून्य धरते.

दोघांची खरी भेट खांबात होते

पर्लिन एकट्या बर्फावर ठरते, अँकर बोल्ट एकट्या वाऱ्यावर. मग कॉम्बिनेशन कोणासाठी? खांब, राफ्टरचा गुडघा आणि ब्रेसिंग यांच्यासाठी. आपल्या शेडमध्ये भिंतींवरच्या वाऱ्याचे मिळून एका चौकटीला सुमारे ४५ किलोन्यूटन आडवे बल येते. बर्फ खांबाला दाबतो, वारा त्याच खांबाचे डोके बाजूला ढकलतो, आणि सरकलेल्या डोक्यावर बर्फाचे वजन आणखी वाकवणारा घुमाव निर्माण करते. एकट्या बर्फात हा घुमाव नसतो; एकट्या वाऱ्यात खांबावर वजनच नसते, उलट ओढ असते.

आयएस ८०० च्या तक्त्यात यासाठी दोन ओळी आहेत. मृतभार आणि लादलेला भार दोन्हींना १.२ तसेच ठेवून एकदा वारा ०.६ आणि एकदा १.२. बर्फाला त्यात वेगळा स्तंभ नाही, तो लादलेल्या भाराच्या जागी बसतो. म्हणजे दुसऱ्या ओळीत बर्फ १.२ आणि वाराही १.२, आपल्या उदाहरणात खांबावर १९१ किलोन्यूटन दाब आणि चौकटीवर ५४ आडवे. युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या अभियंत्याला हे जड वाटेल, कारण वारा मुख्य असताना ते बर्फ कमी करून धरतात. मला ही जडता हिमालयात मान्य आहे. बर्फाच्या नोंदी जिथे विरळ आहेत, तिथे कपात करायला आधार काय?

आता यात बर्फाची असमान चित्रे आणा. पोर्टल चौकटीच्या एका पाख्यावर जड बर्फ आणि दुसऱ्यावर हलका असेल, तर चौकट सहसा हलक्या बाजूकडे झुकते. समजा, परवाच्या पश्चिमेच्या वाऱ्याने पूर्वेच्या पाख्यावर बर्फ नेऊन टाकला. चौकट आता पश्चिमेकडे झुकलेली आहे. आज वारा पूर्वेकडून आला, तर तो तिला त्याच दिशेने आणखी ढकलेल. ढीग लावणारा वारा आणि नंतर येणारा वारा एकाच दिशेचे असतील, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. म्हणून असमान बर्फाचे प्रत्येक चित्र वाऱ्याच्या दोन्ही दिशांना चालवावे. युरोपीय संहितेतले एका पाख्यावर पूर्ण आणि दुसऱ्यावर निम्मे, हे चित्र आपल्या कामातही जरूर काढून पाहा.

पडवी

आता सर्वांत धोक्याच्या जागेकडे येऊ. मोठ्या शेडला लागून माल चढवण्या-उतरवण्यासाठी एक पडवी असते, बहुतेक वेळा मागाहून सुचलेली आणि स्वस्तात उरकलेली. आपल्या शेडला ६ मीटर रुंदीची पडवी जोडू. तिचे छप्पर मोठ्या छपराच्या ३ मीटर खाली.

वरच्या छपरावरून उडालेला बर्फ या पायरीत साचतो. किती साचेल, यासाठी १९८७ च्या आवृत्तीत सोपे सूत्र आहे: दोन्ही छपरांच्या रुंदींची बेरीज भागिले पायरीच्या उंचीची दुप्पट. २६ भागिले ६, म्हणजे ४.३३. पण त्याला मर्यादा आहेत. गुणक ४ च्या वर जात नाही. आणि दुसरी मर्यादा जास्त बोलकी आहे: २ गुणिले पायरीची उंची भागिले जमिनीवरचा भार. इथे ६ भागिले ३, म्हणजे २. यातला पहिला २ हा बर्फाचे घनमीटरला २ किलोन्यूटन वजन आहे. म्हणजे ३ मीटरची पायरी काठोकाठ भरली की भिंतीलगत चौरस मीटरला ६ किलोन्यूटन होतात आणि त्यापुढे साचायला जागाच राहत नाही, कारण वरून आलेला बर्फ वाऱ्यावर पुढे निघून जातो. सूत्राचा हा अर्थ समजला की आकडा पाठ करावा लागत नाही. भिंतीलगत ६ आणि तिथून ढिगाची लांबी पायरीच्या उंचीच्या दुप्पट, पण ५ ते १५ मीटरच्या आत. आपल्याकडे ती ६ मीटर येते, म्हणजे अख्खी पडवी ढिगाखाली.

एवढ्यावर थांबत नाही. वरच्या पाख्याचा उतार १५ अंशांहून जास्त असल्याने तिथला बर्फ घसरून खाली येणार. त्यासाठी वरच्या लगतच्या पाख्यावरच्या कमाल भाराचा निम्मा भार पडवीवर धरायचा. १० मीटरच्या पाख्यावर २.८ म्हणजे मीटरभर लांबीला २८ किलोन्यूटन, त्याचे निम्मे १४. प्रत्येक मीटर लांबीला जवळपास दीड टन, आणि तो येतो धडकन. उरलेल्या शेडला २.४ वर काढणाऱ्या माणसाने पडवीला तीच पर्लिन, त्याच अंतरावर दिली, तर पहिल्याच जबर हिवाळ्यात ती कोसळेल. पडवीची पर्लिन भिंतीकडे जवळजवळ घ्या, तिचे खांब आणि पाया वेगळे काढा. शक्य असेल तर वरच्या पाख्यावर बर्फ अडवणारे आडवे बार लावा. मात्र ते लावले की वरचा बर्फ घसरून जाईल ही आशा सोडा आणि वरच्या छपराला पूर्ण भार द्या.

मालकाने पाच वर्षांनी शेजारी उंच इमारत बांधली, तर जुन्या शेडच्या छपरावर अशीच पायरी तयार होते. तुमच्या आराखड्यात ती नव्हती. म्हणून पहिल्याच बैठकीत विचारा: पुढे इथे काय बांधणार?

परदेशी कामांतली एक जागा

अमेरिकेची एएससीई ७ वापरणाऱ्यांनी आवृत्तीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. २०१६ च्या आवृत्तीत बर्फ मुख्य असताना त्याला १.६ आणि वारा ०.५, वारा मुख्य असताना वारा १.० आणि बर्फ ०.५. २०२२ च्या आवृत्तीत बर्फाचे नकाशेच नव्या, वरच्या पातळीवर आखले गेले, म्हणून बर्फाचा गुणक १.६ चा १.० झाला आणि वाऱ्याबरोबरचा ०.५ चा ०.३. नव्या नकाशाचा आकडा घेऊन त्याला जुना १.६ लावला तर पोलाद वाया जाईल; जुन्या नकाशाच्या आकड्याला नवा १.० लावला तर छप्पर पडेल. कचेरीतल्या जुन्या टेम्पलेट फाइली या बदलाच्या दिवशीच मोडीत काढायला हव्या होत्या. अजून ठेवल्या असतील तर आज काढा.

युरोपात बर्फाचा सोबतीचा गुणक समुद्रसपाटीपासून १००० मीटरपर्यंत ०.५ आणि त्याच्या वर ०.७ आहे, कारण उंचावर बर्फ जास्त दिवस टिकतो आणि वाऱ्याशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. बहुतेक नॉर्डिक देशांसाठी मूळ संहितेत उंची कितीही असली तरी ०.७. प्रत्येक देशाचे राष्ट्रीय परिशिष्ट वेगळे असते, ते पाहिल्याशिवाय सही करू नका.

आपल्याकडे परत येताना भूकंपाचे एकच वाक्य, पण विसरू नये असे: आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे बर्फाचा भार १.५ च्या वर असेल, तर त्याचे २० टक्के भूकंपाच्या वजनात मिळवावे लागतात, आणि आपल्या हिमालयी कामांत ही वेळ वारंवार येते.

सॉफ्टवेअर चारशे कॉम्बिनेशन तयार करून देते, याने भुलू नका. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या क्रीडागृहाचे छप्पर बर्फाखाली कोसळले. काही तासांपूर्वी तिथे सुमारे ५००० प्रेक्षक सामना पाहत होते. छपराचे गणित त्या काळच्या संगणकावर केलेले होते आणि त्या रात्रीचा भार गणितात धरलेल्या भारापेक्षा जास्त नव्हता. दाबातल्या दांड्यांना पुरेसा आडवा आधार नव्हता. बांधकाम चालू असतानाच छप्पर अपेक्षेच्या दुप्पट वाकलेले दिसले होते आणि त्याकडे दुर्लक्ष झाले. कॉम्बिनेशनचे सर्वांत मोठे दहा परिणाम हाताने काढून पाहण्याला पर्याय नाही.

मालकांसाठी

बर्फाची खोली पाहून भार कळत नाही. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो असतो, बसलेला २००, आठवड्यांचा जुना २५० ते ३५० आणि ओला ४००. आपल्या शेडच्या छपराचा २.४ चा भार म्हणजे ताज्या बर्फाचे २ मीटर ४० सेंटीमीटर. ओल्या बर्फाचे फक्त ६० सेंटीमीटर. बर्फावर पाऊस पडला की छप्पर बाहेरून तसेच दिसते आणि आत पर्लिन वाकू लागते.

बर्फ काढताना एक पाखे आधी स्वच्छ करून मग दुसऱ्याकडे वळण्याची पद्धत सगळीकडे आहे. ती सोडा. एक पाखे रिकामे आणि दुसरे भरलेले, हे चित्र अनेक छपरांना पूर्ण बर्फापेक्षा वाईट पडते. दोन्ही पाख्यांवर आढ्याकडून पट्ट्यापट्ट्यांनी, आळीपाळीने काढा. काढलेला बर्फ पन्हाळीत किंवा पडवीवर लोटू नका. माणसांना दोर बांधल्याशिवाय वर चढवू नका. आणि बर्फ साचला की काढाच. पोलंडमधल्या कातोवित्सेच्या प्रदर्शन सभागृहाचे छप्पर २८ जानेवारी २००६ ला कोसळले आणि ६५ माणसे गेली, तेव्हा आराखड्यातल्या चुकांबरोबर छपरावर तसाच राहू दिलेला बर्फ आणि गोठलेले पाणीही कारणीभूत होते.

अभियंता मित्रांनो, छपरासाठी धरलेला बर्फाचा भार, ओल्या बर्फाची चालणारी खोली आणि पडवीवरचा वेगळा भार, हे तीन आकडे हिंदीत लिहिलेली एक पाटी शेडच्या दरवाजाशेजारी लावायला सांगा. ती आराखड्याच्या पहिल्या कागदावर दाखवा आणि तिची किंमत अंदाजपत्रकात धरा.